डावी सीट

पडलेल्या विमानाच्या डाव्या सीटखाली रघुनाथ सप्रे यांना आपल्या बायकोचा बटवा सापडला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. गुडघे ढेकळांत टेकून, डोकं दारातून आत घालून ते मोबाइलने फोटो काढत होते. आधी दिसल्या त्या अक्षता. कुंकवात भिजवलेले आठ-दहा तांदूळ, रबरी चटईच्या कडेला अडकलेले. मग हिरव्या काचेचा तुकडा, बांगडीचाच. आणि त्याच्या मागे, सीटच्या पट्टीला नाडी अडकून लोंबणारा तपकिरी साटिनचा बटवा. असे बटवे जगात पुष्कळ असतात, असं त्यांनी स्वतःला लगेच बजावलं. पण हा बटवा त्यांच्या लग्नातल्या कोटाच्या अस्तराचा होता. अस्तरावर सदर बाजारातल्या शिंप्याची चिठ्ठी शिवलेली होती, आणि ती उसवायची उसवायची म्हणत कमलने गेल्या कित्येक वर्षांत उसवली नव्हती. चिठ्ठीवरची अक्षरं फोटोतसुद्धा वाचता येत होती.

"क्या हुआ सप्रे जी?" बाभळीखाली खुर्ची टाकून बसलेल्या हवालदाराने विचारलं. "कुछ नहीं भैया, कमर पकड़ गई," रघुनाथराव म्हणाले, आणि कंबर खरंच धरली होती म्हणून त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. उडीद काढून मोकळं झालेलं शेत होतं. झाशीजवळच्या मोठ नावाच्या तहसिलीतलं हे गाव त्यांना ठाऊक होतं. ट्रॅक्टरच्या कामासाठी दोनदा येऊन गेले होते. शेताच्या बांधाला नाक लावून ते दोन सीटांचं पांढरं विमान पुढे वाकून बसलं होतं. पुढचं चाक मोडलेलं, पंख्याचं एक पातं वळलेलं. नाकावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती आणि झेंडूच्या माळेचा दोरा तेवढा शिल्लक होता. हे सगळं त्यांनी आल्या आल्या टिपून घेतलं होतं. नवं वाहन, पूजा झालेली, त्यात काय मोठंसं? झाशीत मराठी माणूस असलेल्या कुठल्याही संस्थेत खंडेनवमीला सुरीपासून जीपपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. पूजा पाहून त्यांना बरंच वाटलं होतं. बरं वाटून अर्धा तासही झाला नव्हता.

रघुनाथराव विम्याचे सर्व्हेअर. म्हणजे अपघात झाला की त्या जागी जायचं, काय मोडलं ते पाहायचं, आणि ते मोडणं पॉलिसीत बसतं की नाही याचा अहवाल कंपनीला द्यायचा. बत्तीस वर्षं त्यांनी ट्रक पाहिले, ट्रॅक्टर पाहिले, एकदा विहिरीत पडलेली म्हैस पाहिली. विमान पहिल्यांदाच. दिल्लीचा विमानांचा सर्व्हेअर चार दिवसांनी येणार होता, विमानखात्याची माणसं उद्या. तोवर जे आहे ते पाहून ठेवायला कुणीतरी हवं म्हणून शाखेने यांना पाठवलं होतं. फोटो काढा, हात कशाला लावू नका, एवढीच सूचना. पॉलिसीची प्रत त्यांनी आदल्या संध्याकाळी वाचली होती, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे शेवटच्या पानापासून. कुठलाही कागद ते मागून पुढे वाचतात. काय मिळणार नाही ते आधी कळलं की काय मिळेल त्याची किंमत कळते, असं त्यांचं म्हणणं. लग्नानंतर देवदर्शनाला निघाले तेव्हाही बसच्या तिकिटामागचा मजकूर त्यांनी कमलला वाचून दाखवला होता, आणि ती नवी नवरी बिचारी हसू की रडू अशी ऐकत बसली होती.

पॉलिसीत शेवटच्या पानावर साफ लिहिलं होतं. वापर: फक्त प्रशिक्षण. विमानात: संस्थेचा नोंदलेला प्रशिक्षक आणि नोंदलेला विद्यार्थी, तिसरं कुणी नाही आणि दुसरं कुणी नाही. मौजेची सैर, पाहुणे, नातलग, समारंभ, हे सगळं बाहेर. अशा सैरीत विमान मोडलं तर विमानाचंही काही मिळायचं नाही आणि माणसाचंही. विमान शिकवणाऱ्या त्या संस्थेने दिलेल्या निवेदनात उजव्या सीटवर प्रशिक्षक सलील किरकिरे आणि डाव्या सीटवर विद्यार्थिनी देविका असं होतं. सलील म्हणजे कमलच्या बहिणीचा मुलगा. हे नातं रघुनाथरावांनी शाखेत सांगितलं होतं. शाखेच्या बाईंनी हात हलवला. "अरे सप्रे जी, फोटो ही तो लेने हैं." फोटो तर त्यांनी घेतले होते. अठ्ठावीस, आणि त्यातला शेवटचा बटव्याचा.

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. हवालदार तंबाखू मळत होता. नाडी पट्टीवरून सोडवायला वेळ लागला नाही. कमलची गाठ, तिचं एक टोक ओढलं की सुटते. आतमध्ये सुपारी, हळकुंड, कुंकवाची पितळी डबी आणि रक्तदाबाच्या गोळीचं अर्धं पाकीट. बत्तीस वर्षांत अपघाताच्या जागेवरून त्यांनी खिळासुद्धा उचलला नव्हता. ट्रकवाल्यांनी दिलेला चहाही ते पैसे टाकून पीत. आज त्यांनी बटवा उचलून शर्टच्या आत ठेवला, आणि छातीशी त्या डबीचा गारवा लागला तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. ही बाई यात होती. हे खाली आलं तेव्हा ही यात होती.

झाशीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. नवमीची सकाळ ते मनात पुन्हा लावून पाहू लागले. "सलीलकडे पूजा आहे, जाऊन येते," असं ती म्हणाली होती. सलीलकडे म्हणजे प्रेम नगरात, बहिणीच्या घरी, असंच ते समजले होते. ती जरीकाठी नेसली होती. दुपारी दोनला परतली ती मनगटाला कापड बांधून. "ऑटोतून उतरताना मुरगळला," म्हणाली. ते "बघून उतरावं" म्हणाले. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला दारात ठेवलेल्या तबकातली आपट्याची पानं कुणा कुणाला वाटली तरी सलील आला नाही. दरवर्षी तो पहिला येतो, वाकून सोनं देतो आणि डबाभर चकल्या संपवून जातो. अपघाताची धावपळ असेल असं ते कमलला म्हणाले. कमल म्हणाली, "असेल." आता बसमध्ये त्यांना तो एकच शब्द पुन्हा ऐकू आला, आणि आपण बाहेरच्यांचे जबाब घेताना किती बारकाईने ऐकतो ते आठवून कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

फोन वाजला. सलीलच होता. "काका, तुम्ही गेला होतात म्हणे. झालं का सगळं?"

"सलील, डावीकडे कोण होतं?"

पलीकडे मागे कुणीतरी हिंदीत मोठमोठ्याने बोलत होतं. सलील तिथून दूर गेला असावा. "देविका, काका. तसंच दिलंय लिहून."

"दिलंय ते मी वाचलं. मी विचारतोय, होतं कोण?"

"काका," सलीलचा आवाज एकदम लहान झाला, "पूजा झाल्यावर फेरी मारायची असते ना. जिने पूजा केली तिला बसवून. आपल्याकडे असतंच ते. एकच फेरी म्हटलं. इंजिन बंद पडेल असं कुणाला वाटलं होतं? मावशीला काही झालं नाही, तेवढंच बघा ना तुम्ही. देविका सही करायला तयार आहे. तुम्ही फक्त... काही लिहू नका." रघुनाथराव म्हणाले, "गाडीत आहे मी," आणि फोन बंद केला.

फेरी मारायची असतेच. ते खोटं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या स्कूटरची पूजा कमलने अशीच नवमीला केली होती, चाकाखाली लिंबू ठेवून, आणि पदर खोचून मागे बसायला निघाली होती. "थांब," ते म्हणाले होते, "विम्याचा कागद हातात आलेला नाही." कागद एकादशीला आला. दोन दिवस स्कूटर हळदकुंकू लावून जिन्याखाली उभी होती आणि येणारे-जाणारे विचारत होते. मग एकादशीला त्यांनी तिला लक्ष्मी ताल नावाच्या तळ्यापर्यंत नेऊन आणलं. ती वाटेत काही बोलली नाही. त्यांना वाटलं होतं, वारा लागत असेल.

बस एका ट्रॅक्टरमागे अडकली. ट्रॉलीत बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर पोरं, कुठल्याशा मुंडनाला निघालेल्या. रघुनाथरावांनी नजर काढून घेतली. अशी ट्रॉली बरुआसागरच्या रस्त्यावर उलटली होती, त्याला पंधरा वर्षं झाली. पॉलिसी शेतीच्या कामाची. मालकाने हात जोडून सांगितलं होतं, बाबूजी, लिहा की बायका रस्त्याच्या कडेने चालत होत्या आणि ट्रॉली अंगावर आली. चालणाऱ्यांना भरपाई मिळाली असती. बसलेल्यांना नाही, शेतीच्या ट्रॉलीत माणसं बसवायची नसतात. त्यांनी खरं तेच लिहिलं: बसलेल्या होत्या. ज्या बाईचा पाय गेला तिला त्यांनी दवाखान्यात हे समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, कलम वाचून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो हम कहाँ बैठते, बाबूजी?" त्यांनी कलमाचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांनी बरोबर केलं होतं, आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते. आता ज्या पेनाने तिचं बसणं लिहिलं त्याच पेनाने कमलचं बसणं पुसायचं? सलील कमलच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. नोकरी जाईल, परवाना जाईल, संस्था बंद पडेल. ती बाई काय, आपली कुणीच नव्हती. म्हणून तिच्याबद्दल खरं लिहायला सोपं गेलं का? छे, सोपं गेलं नव्हतं. पण गेलं होतं.

आणि ही? हिने सांगितलं का नाही? हा प्रश्न खालून वर आला आणि बाकीचे प्रश्न त्याने बाजूला सारले. मेघनाने, त्यांच्या मुलीने, चार वर्षांपूर्वी ग्वाल्हेरहून बंगळूरची विमानाची तिकिटं काढून दिली होती. रघुनाथरावांनी प्रवासविमा मागून पुढे वाचला. आधीपासून असलेला आजार बाहेर, आणि कमलला रक्तदाब. वर काही झालं तर एक छदाम नाही. त्यांनी तिकिटं परत करायला लावली आणि दोघं रेल्वेने गेली, दोन रात्री. कमलने पुऱ्या घेतल्या होत्या. खिडकीतून ती बाहेर पाहत होती, आणि मध्येच म्हणाली होती, "ढग वरून कसे दिसत असतील हो?" ते म्हणाले होते, "ढगांसारखेच दिसतील." याची त्यांना आता इतकी लाज वाटली की शेजारच्या माणसाने विचारलं, "तबियत ठीक है, अंकल जी?"

घरी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. कमल ओट्यापाशी उभी राहून एका हाताने शेंगदाणे भाजत होती. दुसरा हात पदरात. रघुनाथरावांनी चपला काढल्या, हात-पाय धुतले, आणि बटवा टेबलावर ठेवला. तिने पाहिला. गॅस बारीक केला, मग बंदच केला.

"मिळाला होय," ती म्हणाली. "मला वाटलं, शेतात पडला."

"सीटखाली होता. कमल, तू... तुला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही ना." ती समोर बसली. "पोराने अस्सं उतरवलं हो खाली. इंजिन गप्प झालं, आणि तो मला म्हणतो, मावशी, काही बोलू नकोस, मांडीवर हात घट्ट ठेव. शेवटी बांधाला नाक लागलं तेवढंच. बांगडी फुटली. मी उतरले, आणि तो काय म्हणतो? मावशी, तू इथे नव्हतीसच. एवढं लक्षात ठेव, तू इथे नव्हतीसच. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा भैयाजींची जीप थांबवली आणि बसवून दिलं मला."

"त्याने तुला न्यायलाच नको होतं."

"तो नाहीच म्हणत होता. पूजा झाली, आरती झाली, मीच म्हटलं, फेरी नाही मारणार? तो म्हणाला, नियम नाही मावशी. मी म्हटलं, पूजेला नियम विचारलास का रे? हट्ट माझा. एक फेरी झाली, तर म्हटलं, आणखी थोडं." ती थांबली, आणि साठीची बाई लाजावी तशी किंचित लाजली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पॉलिसी मागवली असती वाचायला."

मागवलीच असती. शेवटचं पान वाचून त्यांनी तिला घरी बसवलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं. विमान खरंच पडलं होतं. प्रत्येक वेळी बरोबर ठरण्यात या बाईची किती वर्षं जिन्याखाली उभी राहिली असतील, हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता, आणि आज तो आपोआप होऊ लागला. मग म्हणाले, "सलीलचा फोन आला होता. देविका सही करेल म्हणतो. मी गप्प बसलो तर कुणाला कळायचं नाही. बटवा मी उचललाय."

"उचललात? तुम्ही?" तिने खरंच डोळे मोठे केले. त्यात थोडं कौतुक होतं, थोडं दुःख. मग म्हणाली, "नाही हो. ते नको."

"कमल, खरं लिहिलं तर एक पैसा मिळणार नाही. विमानाचा नाही, तुझ्या हाताचा नाही. सलीलची नोकरी जाईल."

"दुपारी मलाही फोन आला त्याचा, तेव्हाच सांगितलंय मी, खरं तेच लिहायचं म्हणून. रडला. मी पण रडले. म्हटलं, जाईल तर जाईल, हट्ट माझा होता तेही लिहून देते. पण तू ते विमान नीट उतरवलंस म्हणून तुझी मावशी जिवंत आहे, हे कोण लिहिणार रे? शेजारी मी नव्हतेच म्हटल्यावर हे कोण लिहिणार?" तिने बटवा उघडून कुंकवाची डबी आहे की नाही ते पाहिलं. "आणि माझंही ऐका. जन्मात एकदा उडाले मी. एकदाच. ते त्या पोरीच्या नावावर जायचं? मी उडाले आणि कागदावर मी नव्हतेच? हे मला चालायचं नाही. माझं नाव लिहा. पूर्ण लिहा."

घरात शेंगदाण्यांचा वास भरला होता. रघुनाथरावांना ट्रॉलीतल्या त्या बाईचा प्रश्न आठवला, आणि तिच्या बाबतीत आपण निदान ती बसली होती एवढं तरी लिहिलं, हे आठवून आज पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. थोडंच. त्यांनी कपाटातून जबाबाचे कोरे कागद काढले. आधी एक कागद शाखेच्या नावाने लिहिला: प्रवासी माझी पत्नी असल्याने हे काम मी सोडत आहे, जागेवरून एक बटवा मी उचलला होता, तो सोबत जोडला आहे, फोटो क्रमांक अठ्ठावीस पाहावा. बटवा जोडावा लागणार हे वाचून कमलने गोळ्या, सुपारी आणि डबी बाहेर काढून ठेवली आणि शिंप्याच्या चिठ्ठीवरून एकदा बोट फिरवलं. "परत देतात ना?" "देतात," ते म्हणाले, "उशिरा देतात." मग त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला.

"हिंदीत लिहू ना?"

"मराठीत लिहा. मी मराठीत उडाले."

जबाब देणाऱ्याच्या भाषेत जबाब चालतो, असा नियम आहे. बत्तीस वर्षांत मराठीत जबाब लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. दिल्लीत ते कुणाकडून तरी वाचून घेतील. नाव: सौ. कमल रघुनाथ सप्रे. वय: एकसष्ट. ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. पूजा कोणी केली, फेरीचा आग्रह कोणी केला, इंजिन कधी गप्प झालं, सलीलने काय काय केलं. मध्ये ती म्हणाली, "पाण्याच्या टाकीवरून मी आपलं घर ओळखलं. गच्चीवर कुणीतरी पेपर घेऊन बसलं होतं. तुम्हीच असणार. मी हात केला." रघुनाथरावांचं पेन थांबलं. नवमीला सकाळी गच्चीवर त्यांनी विमानाची घरघर ऐकली होती, आणि मान वर न करता पान उलटलं होतं. "हे लिहायचं का?" त्यांनी विचारलं. "लिहा की. झालं ना ते." त्यांनी लिहिलं.

शेवटी तिने डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. मग चष्मा लावून कागद सुरुवातीपासून वाचला, वरून खाली. एका ओळीवर बोट ठेवलं.

"सीटपुढे काय लिहिलंत?"

"डावी."

"खिडकीजवळची, असं लिहा."

रघुनाथरावांनी ते विमान आतून पाहिलं होतं. दोनच सीटा, खिडकीजवळ नसलेली सीट त्यात नव्हतीच, आणि तसं लिहायला कागदावर रकानाही नव्हता. त्यांनी 'डावी'पुढे स्वल्पविराम दिला आणि सावकाश, नीट अक्षरात लिहिलं: खिडकीजवळची.